शाळेत स्टेम रुजवायचे तर: नव्या मुख्याध्यापकांसाठी पहिल्या वर्षाची कामे

पाचवी ते दहावीच्या मराठी किंवा सेमी-इंग्रजी शाळेत नुकताच मुख्याध्यापकपदाचा चार्ज घेतलेल्यांसाठी हे लिहिले आहे. शाळेत एक जुनी प्रयोगशाळा आहे, विज्ञान-गणिताचे दोन-तीन शिक्षक आहेत आणि वेगळा निधी काही नाही, असे धरून चालू. स्टेम म्हणजे विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित एकाच कामात वापरायला शिकणे. त्यासाठी आधी रोबोटिक्सची खोली लागते हा समज बाजूला ठेवा. कोणत्या गोष्टीला वेळ मिळतो, कशावर सही होते आणि काय मोडले की कोणाला बोलणी बसतात, यावर शाळेचे वातावरण ठरते. या तिन्ही गोष्टी मुख्याध्यापकाच्या हातात असतात.

जून: साहित्याची खरी यादी

शाळा सुरू झाल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत प्रयोगशाळा सहायक आणि विज्ञान शिक्षकांना घेऊन सगळी कपाटे उघडा. डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे टिकाऊ वस्तूंची नोंदवही, समोर ठेवा, पण त्यावरून नुसत्या टिका मारत जाऊ नका. प्रत्येक वस्तू हातात घेऊन चालवून पाहा आणि तीन ढीग करा: चालते, दुरुस्त होईल, निकामी. सूक्ष्मदर्शकाच्या भिंगावर बुरशी आहे का, तराजूची वजने पुरी आहेत का, होल्डरमध्ये सेल फुटून गंज चढला आहे का, हे रजिस्टर सांगत नाही.

रसायनांचे कपाट वेगळ्या दिवशी, मुले नसताना उघडा. लेबल नसलेली बाटली वास घेऊन ओळखायची नाही, बेसिनमध्ये ओतायचीही नाही. ती बाजूला ठेवून जवळच्या कनिष्ठ महाविद्यालयातील रसायनशास्त्राच्या शिक्षकांना दाखवा. सोडियमच्या बाटलीतले रॉकेल आटले असेल तर तुकड्यांना हात न लावता त्याच माणसाला बोलवा. सोडियम पाण्यात टाकून 'संपवणे' म्हणजे स्फोटाला आमंत्रण. पाऱ्याचे तापमापक मुलांच्या हातून काढून घ्या आणि त्यांच्या जागी अल्कोहोलचे किंवा डिजिटल आणा. पाऱ्याचा तापमापक फुटलाच तर खिडक्या उघडा, मुलांना बाहेर काढा आणि झाडू लावू नका. झाडूने पाऱ्याचे थेंब आणखी बारीक होऊन पसरतात. जाड कागदाच्या दोन तुकड्यांनी ते गोळा करून झाकणाच्या बाटलीत भरा.

मोडतोडीचा प्रश्न आधी सोडवा

या पायरीवर बाकी सगळे टेकलेले आहे, आणि नेमकी हीच पायरी बहुतेक जण गाळतात. प्रयोगशाळेचा चार्ज ज्या शिक्षकाच्या नावावर असतो, त्याला प्रत्येक फुटलेल्या परीक्षानळीचा हिशोब द्यावा लागतो. निवृत्तीच्या वेळी चार्ज देताना वस्तू कमी भरली तर भरपाई आपल्या अंगावर येईल, ही भीती खरी असते. मग तो शिक्षक शहाणपणाने कपाटाला कुलूप घालतो आणि प्रयोग फळ्यावर शिकवतो. त्याला 'उत्साह दाखवा' म्हणून काही होणार नाही. नियम बदला.

पहिले काम म्हणजे उपभोग्य आणि टिकाऊ वस्तू वेगळ्या करणे. परीक्षानळ्या, काचपट्ट्या, वायर, एलईडी, सेल, लिटमस, गाळणकागद या संपणाऱ्या वस्तू आहेत. त्यांची नोंद डेडस्टॉकमध्ये न करता उपभोग्य वस्तूंच्या वहीत करा. दुसरे, मोडतोडीची एक साधी वही ठेवा: तारीख, वस्तू, इयत्ता, कशी मोडली, मुख्याध्यापकांची सही. सही त्याच आठवड्यात करा आणि 'का मोडले' म्हणून जाब विचारू नका. काचेच्या वस्तू वापरल्या की फुटतातच. वर्षभर वही कोरी राहिली, तर चौकशी तिची करा. तिसरे, निकामी वस्तूंचा निर्लेखनाचा, म्हणजे त्या रजिस्टरमधून कमी करण्याचा, प्रस्ताव दरवर्षी पाठवा. वर्षानुवर्षे साठलेला भंगार जागा अडवतो आणि चार्ज घेणाऱ्या नव्या शिक्षकाला पहिल्याच दिवशी घाबरवतो.

याच वेळी किरकोळ खर्चाची सोय करा. विज्ञान शिक्षकाकडे महिन्याला ५०० रुपये आगाऊ द्या आणि महिनाअखेर पावत्या घ्या. ही रक्कम शालेय समितीच्या ठरावात लिहून घ्या. स्वतःच्या खिशातून सेल, फुगे, फेव्हिकॉल आणणारा शिक्षक गणपती येईपर्यंत ते आणणे बंद करतो, आणि त्यात त्याचा दोष नसतो.

वेळापत्रकात जोडतासिका

३५ मिनिटांच्या तासिकेचा हिशोब मांडून पाहा. वर्गातून प्रयोगशाळेत जाऊन बसायला ५ मिनिटे, साहित्य वाटायला ७, आवरून परत द्यायला ८. उरली १५. त्यात सूचना देऊन चाळीस-पन्नास मुलांकडून प्रयोग होत नाही. म्हणून तो शिक्षकाच्या टेबलावर होतो आणि मागच्या बाकांना दिसतही नाही.

सहावी ते नववीच्या प्रत्येक तुकडीला आठवड्यातून एक जोडतासिका, म्हणजे लागोपाठ दोन तासिका, द्या. ती मोठ्या सुट्टीनंतर लगेच ठेवा, म्हणजे सहायकाला सुट्टीत साहित्य मांडता येते. दिवसाच्या शेवटी ठेवलीत तर आवरण्याच्या वेळी घंटा होते आणि पसारा दुसऱ्या दिवसाच्या वर्गासाठी राहतो. शनिवारच्या सकाळच्या शाळेत तासिका लहान असतात, त्यामुळे तो दिवस प्रयोगासाठी टाळा. मैदानावरच्या मोजणीला मात्र शनिवार चांगला.

तासिका वाढवता येत नाहीत, म्हणजे कोणाच्या तरी घ्याव्या लागणार. कला, कार्यानुभव किंवा खेळाच्या तासांना हात लावू नका. विज्ञानाच्या आठवड्यातल्या तासिकांपैकीच दोन शेजारी आणा. वेळापत्रक करणारे शिक्षक म्हणतील बसत नाही. दोन तुकड्यांची जोडतासिका एकाच वेळी येत नाही ना, एवढे आधी कागदावर बसवा आणि बाकीचे विषय नंतर भरा, मग बसते.

प्रॅक्टिकलच्या दिवशी विज्ञान शिक्षकाला बदली तासिका देऊ नका. सर्वेक्षण, पोर्टलची माहिती, निवडणुकीची कामे टळत नाहीत, पण ती कोणाकडे जातात हे तुम्ही ठरवता. ऑनलाइन माहिती भरायला 'संगणक येतो' म्हणून दरवेळी विज्ञानाच्याच शिक्षकाला बसवले जाते, आणि त्याचे तास बुडतात.

पहिले काम: पाऊस मोजणे

सुरुवात अशा उपक्रमाने करा, ज्याला वीज लागत नाही, जो रोज दहा मिनिटांत होतो आणि ज्यात चारही विषय आपसूक येतात. महाराष्ट्रातल्या शाळेसाठी जूनमध्ये पर्जन्यमापकासारखे दुसरे काही नाही.

सरळ भिंतीची २ लिटरची प्लास्टिक बाटली खांद्याखाली कापा. वरचा भाग उलटा करून नरसाळ्यासारखा आत बसवा आणि कडा टेपने बंद करा. बाटलीचा तळ उंचसखल असतो, म्हणून सरळ भाग सुरू होईपर्यंत खडे आणि पातळ सिमेंट भरून सपाट करा. तिथे शून्याची रेघ. तिथून वर मिलिमीटरची पट्टी पारदर्शक टेपखाली चिकटवा. तोंडाचा आणि बाटलीचा व्यास सारखा असल्याने पट्टीवरचा १ सेंटिमीटर म्हणजे १० मिलिमीटर पाऊस. बाटली विटांच्या चौकटीत घट्ट बसवा, नाहीतर वाऱ्याने आडवी होते. झाड किंवा भिंत जेवढी उंच, तिच्या दुप्पट अंतरावर ती ठेवा. छताच्या कडेखाली ठेवली तर पागोळ्यांचे पाणी पडून आकडा फुगतो. ही सर्वांत नेहमीची चूक.

नोंद रोज सकाळी साडेआठला घ्या. भारतीय हवामान विभाग चोवीस तासांचा पाऊस याच वेळेला मोजतो, त्यामुळे तुमचा आकडा तालुक्याच्या आकड्याशेजारी मांडता येतो. सकाळची शाळा नसेल तर जवळ राहणारी दोन मुले नेमा. कोकणात एका दिवसात २०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडू शकतो आणि बाटली भरून वाहते. तिथे संध्याकाळीही नोंद घ्या आणि दोन्हींची बेरीज करा.

आकडे जमले की गणिताचे शिक्षक आत येतात. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर १ लिटर पाणी. २० मीटर लांब, ६ मीटर रुंद छत आणि २५ मिलिमीटर पाऊस, तर ३,००० लिटर. शाळेची टाकी केवढी आहे? पन्हळ किती रुंद हवी? यातून आठवीची मुले पन्हळीचा उतार काढायला बसतात, आणि अभियांत्रिकीचा तास वेगळा शोधावा लागत नाही. आलेख परिपाठाच्या फलकावर लावा आणि रोजचा आकडा परिपाठात वाचून दाखवायला मुलांनाच सांगा.

२२ डिसेंबर: सावली

रामानुजन यांचा जन्मदिवस, २२ डिसेंबर, राष्ट्रीय गणित दिन म्हणून साजरा होतो. त्या सुमारास वर्षातली सर्वांत लांब मध्यान्हसावली पडते, हा योगायोग वापरण्यासारखा आहे. भाषणे दहा मिनिटांत आटोपून मैदानात १ मीटरची सरळ काठी ओळंब्याने उभी करा आणि सव्वाबारापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खूण करा. पुण्याच्या अक्षांशावर सर्वांत आखूड सावली सुमारे ९० सेंटिमीटर येते. मार्चच्या २१ तारखेला तीच सुमारे ३३ सेंटिमीटर असते. २२ तारखेला रविवार आला तर आदल्या किंवा नंतरच्या दिवशी करा. त्या आठवड्यात सावलीत जाणवण्याइतका फरक पडत नाही.

बाराच्या ठोक्याला मोजून 'हीच मध्यान्हाची सावली' असे लिहिणे चूक. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची आहे, म्हणून पुण्यात खरा मध्यान्ह ऋतूनुसार साधारण १२.२० ते १२.५० मध्ये येतो, नागपुरात साधारण १२ ते १२.३० मध्ये. मुलांना हे आधी सांगू नका. खुणा पाहून त्यांनी विचारले की मग भूगोलाच्या शिक्षकांना बोलवा. नववी-दहावीला याच सावलीवरून सूर्याचा उन्नतांश, म्हणजे क्षितिजापासूनचा कोन, काढायला लावा. त्रिकोणमिती कशासाठी असते, हा प्रश्न त्या वर्गात पुन्हा येत नाही.

प्रयोगवही आणि तुमची सही

दहावीला विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या १०० गुणांपैकी २० गुण प्रात्यक्षिकाचे असतात. बहुतेक ठिकाणी ते सहज मिळतात, म्हणून प्रयोगवही ही सुवाच्य अक्षराची स्पर्धा झाली आहे. तपासायला आलेल्या वह्यांमधून कोणत्याही दहा घ्या आणि फक्त निरीक्षणाचा तक्ता पाहा. बहिर्वक्र भिंगाचे नाभीय अंतर दहाही वह्यांत १०.० सेंटिमीटर असेल, तर प्रयोग झालेला नाही. एकच भिंग दहा गटांनी मोजले तरी ९.६, १०.२, ९.९ असे आकडे यायला हवेत.

शिक्षकांना स्पष्ट सांगा की वेगळा आकडा आला म्हणून गुण कापायचे नाहीत. एकक नसेल, तीन वाचने नसतील किंवा आकडा शेजाऱ्याचा असेल तर कापायचे. खाडाखोड चालेल. वही पेनने, जागीच भरायची. 'कच्ची' वही आणि 'पक्की' वही असे दोन प्रकार बंद करा, कारण पक्की वही करतानाच आकडे सुधारले जातात. सेमी-इंग्रजीच्या मुलांना निरीक्षण आधी मराठीत लिहू द्या, संज्ञा इंग्रजीत आल्या तरी पुरे. जे पाहिले ते सांगायला शब्द नसले की मूल पाठ्यपुस्तकातले वाक्य उतरवते.

वर्गनिरीक्षणाच्या लॉगबुकमध्येही तीन नव्या नोंदी ठेवा: किती मुलांचा हात साहित्याला लागला, किती प्रश्न मुलांकडून आले, आणि 'माहीत नाही, करून पाहू' असे शिक्षक कितीदा म्हणाले. या तिसऱ्या नोंदीला शिक्षक सुरुवातीला हसतात. तुम्ही तिचे कौतुक बैठकीत केलेत की हसणे थांबते.

गट, आणि त्यातल्या मुली

चार जणांचा गट करा: जोडणारा, मोजणारा, लिहिणारा, सांगणारा. गट मुलांवर सोडलात तर तिसऱ्या तासापर्यंत स्क्रूड्रायव्हर मुलाच्या हातात आणि वही मुलीच्या हातात, कारण 'तिचं अक्षर छान आहे'. यावर उपदेशाचा उपयोग नाही. भूमिकांचा तक्ता भिंतीवर लावा आणि दर जोडतासिकेला एक घर पुढे सरकवा. सहापेक्षा जास्त मुले एका संचावर बसवू नका. संच कमी असतील तर अर्धा वर्ग प्रयोगाला आणि अर्धा मोजणी-आलेखाला लावून ३५ मिनिटांनी अदलाबदल करा.

इलेक्ट्रॉनिक्स: दुसऱ्या सत्रात, थोडक्यात

दिवाळीनंतर आठवी-नववीच्या वीस मुलांसाठी पाच संच पुरतात. प्रत्येक संचात एक आर्डुइनो उनो (संगणकावरून प्रोग्राम भरता येणारे छोटे सर्किट बोर्ड) किंवा त्याच जातीचे स्वस्त बोर्ड, एक ब्रेडबोर्ड (डाग न देता भाग जोडण्याची छिद्रांची पाटी), दहा एलईडी, २२० ओहमचे दहा रोध, वीस जोडतारा, एक प्रकाशसंवेदी रोध आणि एक यूएसबी केबल. मुलांनी सेलवर किंवा यूएसबीच्या ५ व्होल्टवरच काम करायचे. २३० व्होल्टच्या प्लगला त्यांचा हात लागता कामा नये.

पहिल्या दिवशी काय अडते तेही ठरलेले असते. संगणकाला बोर्ड दिसत नाही, कारण केबल फक्त चार्जिंगची असते किंवा स्वस्त बोर्डावरच्या सीएच३४० या यूएसबी जोडणीच्या चिपचा ड्रायव्हर टाकलेला नसतो. दोन्ही आदल्या दिवशी तपासा. एलईडी क्षणभर चमकून विझतो, कारण रोध लावलेला नाही. ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीवर मोटार अडखळते आणि बोर्ड पुन्हा पुन्हा सुरू होते, कारण ती बॅटरी पुरेसा प्रवाह देऊ शकत नाही. मोटारीला पेन्सिल सेलचा वेगळा होल्डर द्या आणि दोन्हींचे ऋण टोक एकत्र जोडा. इंटरनेट भरवशाचे नसेल तर स्क्रॅच या मुलांच्या प्रोग्रामिंग भाषेची ऑफलाइन आवृत्ती आधीच भरून ठेवा.

प्रदर्शने आणि योजना

तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी थर्मोकोलचे तयार मॉडेल विकत मिळते आणि कधीकधी त्याला नंबरही येतो. तरीही शाळेतून ते पाठवायचे नाही, हा नियम तुम्हीच करा. प्रकल्प निवडताना मुलांना तीन प्रश्न विचारा: काय मोजले, चालले नाही तेव्हा काय बदलले, त्याची तारखेसह वही कुठे आहे. वही नसेल तर प्रकल्प पुढच्या वर्षी.

विद्यार्थ्यांच्या नव्या कल्पनांसाठी असलेल्या केंद्र सरकारच्या इन्स्पायर-मानक योजनेत निवड झालेल्या विद्यार्थ्याला १०,००० रुपये त्याच्या बँक खात्यात मिळतात. नामांकनाची मुदत दरवर्षी तपासा. शेवटच्या दिवशी शिक्षकांनी बसून लिहिलेल्या कल्पना ओळखू येतात. पावसाळ्यातच प्रत्येक वर्गात एक पेटी ठेवा आणि 'घरात, शेतात, रस्त्यावर काय त्रास होतो' एवढेच लिहायला सांगा. उपाय नंतर. खात्यावरचे नाव आणि शाळेतले नाव जुळते का, हे नामांकनाआधी पाहा. सहावी आणि नववीसाठी डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा, दहा ते सतरा वयोगटासाठी राष्ट्रीय बाल विज्ञान परिषद आहे. पहिल्या वर्षी यातली एकच धरा.

मदतीसाठी मानखुर्दचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र, चुनाभट्टीची मराठी विज्ञान परिषद आणि पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेची मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे. टाकाऊतून वैज्ञानिक खेळणी करण्याच्या अरविंद गुप्तांच्या कृती इंटरनेटवर मोफत मिळतात, मराठीतूनही. शिक्षकांना सहलीसारखे सगळे एकदम नेण्यापेक्षा दोघांना पाठवा आणि परतल्यावर त्यांनी बाकीच्यांकडून एक कृती करून घ्यावी असे ठरवा.

संस्थाचालक आणि विक्रेते

कधीतरी संस्थेच्या बैठकीत चकचकीत रोबोटिक्स लॅबचा प्रस्ताव येतो. प्रतिविद्यार्थी वार्षिक फी, कंपनीचा प्रशिक्षक, प्रवेशद्वारावर फलक. विरोध करत बसू नका, प्रश्न विचारा. सुटे भाग तालुक्याच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतात का? प्रशिक्षक गेल्यावर आपले शिक्षक हे चालवू शकतील इतके प्रशिक्षण करारात आहे का? करार संपल्यावर साहित्य कोणाचे? एक संच महिनाभर आधी देता का? शेवटच्या प्रश्नाला उत्तर टाळणाऱ्याला परत बोलावू नका.

अटल टिंकरिंग लॅबचे, म्हणजे मुलांनी स्वतः वस्तू बनवून पाहण्याच्या शाळेतल्या कार्यशाळेचे, अनुदान वेगळे आहे. नीती आयोगाच्या या योजनेत २० लाख रुपयांपर्यंत मदत आहे: १० लाख उभारणीला आणि १० लाख पाच वर्षे चालवायला. सपाट प्रदेशातील शाळेला सुमारे १,५०० चौरस फूट जागा दाखवावी लागते. पुढचे हप्ते उपयोगिता प्रमाणपत्रावर (पैसे ठरल्या कामालाच खर्च झाल्याचा दाखला) अवलंबून असल्याने पहिल्या दिवसापासून हिशोब ठेवणारा लिपिक नेमा. ज्या शाळेत जोडतासिका आणि मोडतोडीची वही नाही, तिथे ही लॅबही उद्घाटनानंतर कुलपात जाते. म्हणून अर्ज दुसऱ्या वर्षी करा.

पालक निकालाबद्दल विचारतील. त्यांना स्टेमवर भाषण देऊ नका. पालकसभा जोडतासिकेच्या दिवशी ठेवा आणि पहिली वीस मिनिटे त्यांना मुलांच्या गटात बसवून भिंगाचे अंतर मोजायला लावा.

एप्रिल

परीक्षा संपण्याआधी सगळ्या उपकरणांतून सेल काढून घ्या. सुट्टीत ते फुटतात आणि टोके गंजतात. सूक्ष्मदर्शक सिलिका जेलच्या पुड्यांसह डब्यात घाला, पावसाळ्यात बुरशी इथूनच सुरू होते. निर्लेखनाची यादी पाठवा, उपभोग्य वस्तूंची मागणी लिहून घ्या. पुढच्या वर्षाच्या वेळापत्रकात जोडतासिकांची घरे तुम्ही स्वतः पेनने भरा आणि बाकीचा तक्ता मग शिक्षकांच्या हातात द्या.